उघड्या घोड्याची बंदूक

भैरोबाच्या या देवळात जरा वर बघा. तुळईला टांगलेली ती जर्मन बनावटीची शिकारी बंदूक. पोलादावर सांबर कोरलंय, दस्ता अक्रोडाचा. घोड्याजवळची, आतले भाग झाकणारी बाजूची पट्टी मात्र नाही. ती चोरीला गेलेली नाही, मुद्दाम काढलेली आहे.

इथले जहागीरदार अप्पासाहेब यांनी ही बंदूक जर्मनीहून मागवली, असे सांगतात. एकदा तिची आतली कमान, म्हणजे घोड्याची स्प्रिंग, मोडली, तेव्हा गावच्या रावजी पांचाळाने नवी घडवून बसवली. पुढच्याच शिकारीत अप्पासाहेब खडकावरून उतरताना बंदूक आपोआप उडाली आणि हाकाऱ्यांतला भिवा जागीच गेला.

महिन्यापूर्वीच रावजी आणि भिवा बांधावरून भांडले होते. त्यामुळे कमान त्याने मुद्दामच कच्ची बसवली असणार, म्हणून सगळ्यांच्या नजरा रावजीकडे वळल्या. त्याच्याकडे विळ्याला धार लावायलाही कुणी जाईना. पाणवठ्यावर त्याची बायको दिसली की बोलणं थांबायचं.

तेरावं उरकल्यावर भिवाची बायको ठकूबाई या देवळात आली. पंच आणि अप्पासाहेब बसलेलेच होते.

"रावजीदादा, आत काय केलंस ते मला दाखव," ती म्हणाली.

रावजीने पंचांपुढे ठेवलेल्या बंदुकीची पट्टी काढली. जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथेही त्या परक्या कारागिराने आरशासारखी झिलई केली होती म्हणे. रावजीची कमान काळसर, पण धड होती. त्याने रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवला आणि दस्ता फरशीवर आपटला. चाप न ओढताच घोडा पडला. ठकूबाई वाकली. घोडा अडकतो त्या खाचेवर ओरखडे होते.

"हे कशाचे?"

"कानशीचे. चाप हलका व्हावा म्हणून खाच घासलीय."

"कुणी?"

"कानस माझी. अप्पासाहेबांनी मागून नेली होती."

मग अप्पासाहेब म्हणाले, "मीच घासली. चाप जड लागायचा."

ठकूबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुला ठाऊक होतं, दादा?"

"कानस परत आली तेव्हा दातांत पोलादाचा चुरा होता. शिकारीच्या आधीच संशय आला होता. विचारायची छाती झाली नाही."

"तेव्हा विचारायचं होतंस," एवढंच ती म्हणाली.

अप्पासाहेबांनी बंदूक पट्टी न बसवताच देवाला वाहिली आणि पुन्हा शिकार केली नाही. झाकलेली वस्तू देवापुढे ठेवणार नाही, अशी शपथ रावजीने घेतली.

आजही दसऱ्याला आमच्याकडे शिलाई मशीन असो की पाण्याचा पंप, झाकण काढूनच पुजतात. ठकूबाईच्या घरातली बाई आधी आत डोकावते. तिने मान हलवल्याशिवाय कुणी हात जोडत नाही.