न कापलेलं लिंबू

फार पूर्वी, डोंगराआडच्या एका गावात तलवार शिकवणारे एक वस्ताद होते. त्यांच्याकडे शिकणारी मुलं वर्षाच्या आत केळीचे खांब सपासप तोडू लागत. एका मुलीला मात्र त्यांनी दोऱ्याला टांगलेल्या झेंडूपुढे उभं केलं होतं. वार सगळ्या ताकदीने करायचा आणि फुलाला लागायच्या आत थांबवायचा. फूल हललं की पुन्हा बैठका.

तिच्या मांड्या भरून येत, मनगट सुजे. वस्तादांना दया येत नसे. आली तरी ती चेहऱ्यापर्यंत पोचत नसे.

एकदा तिने विचारलंच, "वस्ताद, मी कापायला कधी शिकणार?"

"कापते तर विळीसुद्धा," ते म्हणाले. "चल, गुडघे वाकव."

पुढे तिचं लग्न झालं. सासरच्या गावात देवीच्या उत्सवाची एक रीत होती. घरच्याच माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवून तलवारीने कापायचं; जो कापेल त्याच्या घराला पालखीपुढे चालायचा मान. सासऱ्यांनी तो मान आयुष्यभर राखला होता. आता त्यांचे हात थरथरत, आणि नवऱ्याला तलवारीपेक्षा तलवारीच्या गप्पा बऱ्या जमत. तेव्हा नव्या सुनेने पदर खोचला. सासूबाईंनी हात पुढे केला.

"जपून गं. या हाताने तुला अजून पुष्कळ कामं दाखवायचीत."

तलवार खाली आली. नेमका तेव्हाच ढोल घुमला. सासूबाई दचकल्या, हात वर उडाला, लिंबू घरंगळलं. पातं त्यांच्या मनगटाशी येऊन थांबलं. बांगडीसुद्धा किणकिणली नाही.

लोक हसले. मान गेला तो शेजारच्या पैलवानाकडे. त्याने लिंबाचे दोन तुकडे केले, सोबत ज्यांच्या हातावर ते होतं त्या आपल्या काकांच्या तळहातालाही चीर पाडली. आनंदाच्या भरात ती कोणाला दिसली नाही, काका सोडून.

सासरे कोणासाठी न थांबता घरी निघून आले. सासूबाईंनी मात्र त्याच हाताने आधी सुनेचं पान वाढलं.

पुढच्या उत्सवात पैलवान लिंबू घेऊन उभा राहिला, पण त्याच्या घरचं कोणी हात पुढे करेना. काकांना तर नेमकं त्याच दिवशी लेकीकडे जायचं होतं.

इकडे सासूबाई पुढे आल्या. ढोल घुमला तरी त्या हलल्या नाहीत. सुनेला आजही थांबवणंच येत होतं. या वेळी तिने पातं लिंबाच्या खाली आणि तळहाताच्या वर थांबवलं, इतकंच. लिंबाच्या दोन फोडी झाल्या, आणि पालखीपुढचा मान घरी परत आला.

वार ताकदीने करता येतो. पण ज्याला तो थांबवता येतो, त्याच्यापुढेच माणसं निर्धास्त हात पसरतात.