बाळगोंडाची जोड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. फुटबॉलला तेव्हा चामड्याची वादी बांधावी लागायची आणि डोक्यानं चेंडू मारला की कपाळावर त्या वादीचा वळ उठायचा, इतक्या वर्षांपूर्वीची. वाघवळ गाव तेव्हाही नदीच्या अलीकडं होतं, आजही अलीकडंच आहे. गावात एक तालीम होती. पोरं सकाळी तिथं लाल मातीत कुस्ती करायची आणि संध्याकाळी तीच पोरं माळावर फुटबॉल खेळायची. आमच्या कोल्हापूरकडं यात कुणाला नवल वाटत नाही.

तालमीचे वस्ताद होते भैरू अण्णा. मान जाड आणि बोलणं थोडं. फुटबॉल ते जन्मात खेळले नव्हते. पण गोलाच्या मागं उभं राहून खेळणाऱ्या पोरांना ते कुस्तीचेच नियम लावायचे. त्यातला एक नियम पोरं झोपेतही विसरत नसत. आखाड्यात उभ्या राहिलेल्या पैलवानाला जोड द्यायची. जोड म्हणजे तोडीचा गडी, समोर येऊन लढणारा. माणूस शड्डू ठोकून उभा आहे आणि त्याच्यासमोर कुणीच येत नाही, यापरता मोठा अपमान नाही, असं अण्णा मानायचे. हरलेला गडी घरी जाऊन जेवतो, जोड न मिळालेल्याला घास उतरत नाही, हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

या तालमीत पद्माक्काचा एकुलता एक मुलगा बाळगोंडा वाढला. अंगानं काटकुळा, त्यामुळं कुस्तीत तो काही चमकला नाही. पण पायात चेंडू आला की तो वेगळाच व्हायचा. असं म्हणतात, की तो पळायला लागला की त्याची सावली मागं राहायची आणि गोल झाल्यावर धापा टाकत त्याला येऊन मिळायची. मी काही पाहिलेलं नाही. मात्र त्याची हूल पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी जिवंत होती आणि ती सांगताना अजून फसलेल्या बाजूलाच झुकायची. ही हूल त्याला अण्णांनीच शिकवली होती. डोळ्यानं एका अंगाला जायचं आणि कंबरेनं दुसऱ्या.

तालमीचा सदरा अंगात घालायच्या दिवशी प्रत्येक पोराला शपथ घ्यावी लागे. आखाड्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि म्हणायचं, ‘या तालमीची पाठ मातीला लागू देणार न्हाई.’ बाळगोंडानंही ती माती गिळली होती.

पुढं मुंबईहून गोदीच्या संघाचा एक माणूस आला, त्यानं बाळगोंडाचा खेळ पाहिला आणि त्याला पगारावर खेळायला बोलावलं. वाघवळ खो खो हसलं. खेळायला पगार मिळतो म्हणजे उद्या झोपायलाही मिळेल, असं लोक म्हणाले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी बाळगोंडाला मारुतीपुढं उभं केलं आणि शपथ पुन्हा एकदा म्हणायला लावली.

“वस्ताद, शपथ घातलासा ते बरं केलासा,” पद्माक्का म्हणाली. “आता शिदोरी घालू द्या. रिकाम्या पोटी कुठली शपथ टिकतीया?”

तो गेला. मग त्याच्या बातम्या यायला लागल्या. असं म्हणतात, की मुंबईत त्याच्या एका फटक्यानं गोलाची जाळी फाटली आणि ती शिवायला कोळीवाड्यातून माणूस आणावा लागला. कलकत्त्याच्या एका गोलकीपरनं म्हणे त्याच्याविरुद्ध खेळायच्या दिवशी उपास धरला होता. विशी ओलांडायच्या आत बाळगोंडा त्या संघाचा मुख्य फॉरवर्ड झाला. वाघवळची माणसं ही बातमी बाजारात दुसऱ्या गावच्या माणसांना ऐकवायची आणि मिशांवरून हात फिरवायची.

आणि मग नको तेच झालं. जिल्ह्याच्या गावी दसऱ्याला बक्षिसाच्या ढालीसाठी फुटबॉलचे सामने लागायचे. वाघवळनं ती कधी जिंकली नव्हती. त्या वर्षी वाघवळची तालीम पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यात पोचली, आणि समोर आला मुंबईचा गोदीचा संघ. ज्याचा पगार खातो त्याच्याकडून खेळायचं, की ज्याची माती खाल्ली त्याच्याकडून? पोर इकडं आड तिकडं विहीर असं सापडलं. गोल मारला तर गावाला तोंड दाखवता येणार नाही, आणि नाही मारला तर ज्यांनी विश्वासानं पगार दिला त्यांच्याशी बेइमानी.

गावाला मात्र यात काही अडचण दिसलीच नाही. गुलालाचं पोतं आधीच बैलगाडीत चढलं. सामन्याआधी अण्णांनी पोरांना गोळा केलं आणि कुणी कुणावर लक्ष ठेवायचं ते वाटून दिलं. गोदीच्या प्रत्येक गड्याला एकेक माणूस लागला.

“आन् बाळूवर?” गोलकीपर रसूलनं विचारलं. तो बाळगोंडाचा लहानपणापासूनचा सोबती.

“त्याच्यावर माणूस कशाला?” अण्णा म्हणाले. “त्यानं माती खाल्लीया.”

सगळ्यांना ते पटलं. दुसऱ्या कुठल्याही गावानं अशी चूक केली नसती.

सामना सुरू झाला. बाळगोंडा जिकडं जाईल तिकडं मैदान मोकळं. वाघवळचे गडी त्याला पाहून बाजूला व्हायचे, एकानं तर धावता धावता त्याच्या पाठीवर थाप मारली. गोदीच्या कप्तानाला हे दिसत होतंच. तो चेंडू पुन्हा पुन्हा बाळगोंडाकडं धाडू लागला. बाळगोंडा तो पायावर घ्यायचा, गोलाकडं एकदा बघायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, की हा विकला गेलाय. अण्णांना ते ऐकू गेलं. पण ते जागचे हलले नाहीत.

अर्धा वेळ झाला तेव्हा गोल कुणाचाच नव्हता. बाळगोंडा मैदान ओलांडून सरळ वाघवळच्या बाजूला आला. दोन्हीकडचे लोक उठून उभे राहिले.

“अण्णा, मला जोड द्या,” तो म्हणाला.

“कशापायी?”

“मी खेळाय आलोय. माझ्यासमोर कुणीच न्हाई.”

“तुझ्यावर माणूस लावायचा म्हंजी तुझ्या शपथेवर माणूस लावायचा. ते माझ्यानं हुणार न्हाई, लेकरा.”

“मग मी काय करू, ते तरी सांगा.”

 अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बाळगोंडानं तो घेतला नाही आणि तसाच परत गेला. एवढ्या वर्षांत त्यानं अण्णांच्या हातचं काही नाकारलं नव्हतं. 

दुसरा डाव त्याहून वाईट गेला. गोदीचे गडी चिडले होते, वाघवळचे थकले होते. ऊन कलायला आलं तरी गोल होईना. शेवटी मधल्या रेषेजवळ चेंडू उडाला आणि बाळगोंडाच्या पायाशी येऊन पडला. समोर एकही माणूस नव्हता. लांब गोलात रसूल दोन्ही हात खाली सोडून उभा होता, आणि तो हसत होता. बाळू मारणार नाही, याची त्याला इतकी खात्री होती.

बाळगोंडानं चेंडूवर पाय ठेवला आणि तो उभा राहिला.

असं म्हणतात, की त्या वेळी वारं पडलं. हलगी वाजवणाऱ्याचा हात वरच्या वर थांबला. गोदीचा कप्तान मागून शिव्या देत होता, वाघवळचे लोक ‘आमच्याकडं दे, बाळू’ म्हणून हात पुढं करत होते. तो कुणाकडंच बघेना. तो फक्त अण्णांकडं बघत होता. पंच शिट्टी तोंडाला लावून तसाच राहिला, कारण उभं राहू नये असा नियम कुठंच नव्हता. असं म्हणतात, की तो इतका वेळ उभा होता की गोलाच्या खांबाची सावली वीतभर सरकली.

आणि त्या सावलीकडं बघता बघता अण्णांच्या ध्यानात आलं. आखाड्यात पैलवान उभा आहे आणि त्याला जोड मिळत नाही. जी गोष्ट त्यांनी जन्मभर कुणाला करू दिली नाही, ती त्यांनी स्वतःच्या पोराला केली होती. सगळ्या मुलखासमोर केली होती, आणि वर तिला विश्वास म्हटलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण जोड दिली तर ढाल जाणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोराच्या पायात काय आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

“जोड द्या त्याला,” अण्णा ओरडले. आवाज फाटला. “सगळे जावा. वाघवळचं नाव राखायचं असंल तर सोडू नका त्याला.”

पोरं क्षणभर गोंधळली आणि मग तुटून पडली. बाळगोंडानं चेंडूवरचा पाय काढला. असं म्हणतात, की त्या दिवशी त्यानं वाघवळच्या दहाच्या दहा गड्यांना चकवलं, आणि ज्याला एकदा चकवलं तो उठून पुन्हा आला तर त्याला पुन्हा चकवलं. शेवटी रसूल उरला. आता तो हसत नव्हता. तो जीव खाऊन झेपावला आणि असं म्हणतात, की त्याचं बोट चेंडूला लागलं, त्याच्या नखाला जन्मभर त्याची खूण राहिली. पण गोल झाला.

वाघवळ हरलं. गुलालाचं पोतं तोंड न उघडता परत गाडीत पडलं.  वाटेत ओढ्यापाशी एकानं अण्णांना विचारलं, “वस्ताद, गप बसला असतासा तर?” अण्णा म्हणाले, “तर मी वस्ताद ऱ्हायलो नसतो.” 

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळगोंडा गावाकडं निघाला. आईला भेटल्याशिवाय त्याला मुंबईला जायचं नव्हतं. तो येतोय हे त्याच्या आधी गावात पोचलं आणि वेशीवर माणसं जमली. काहींच्या हातात दगड होते, हे आजही आमच्यात कुणी नाकारत नाही. पद्माक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. बाळगोंडा वेशीपाशी आला तर वाटेच्या मधोमध भैरू अण्णा उभे, दोन्ही हात पसरून.

लोकांना वाटलं, वस्तादांनी पोराला गाव बंद केलं. बाळगोंडालाही तेच वाटलं. त्यानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

“अण्णा, मी शपथ मोडली,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“शपथ मी घातली हुती. जोड द्या म्हणालो, तवाच ती मी सोडवली,” अण्णा म्हणाले. हात त्यांनी खाली घेतले नाहीत. “आता मला चुकीव, आन् आईकडं जा. आन् म्हातारा म्हणून सोडू नगंस मला.”

 बाळगोंडानं गाठोडं उचललं, डोळ्यानं डाव्या अंगाला गेला आणि कंबरेनं उजव्या. हूल सगळी, पुरेपूर. अण्णा अख्खे त्याच्या डाव्या अंगाला झुकले आणि धुळीत बदकन बसले. बसल्या बसल्या ते हसायला लागले. हरल्यापासून गावात कुणी हसलं नव्हतं. दगड कुणाच्या हातून कधी गळाले, ते कुणालाच कळलं नाही.

बाळगोंडा पुढं पुष्कळ वर्षं खेळला आणि गुडघे गेल्यावर काठी टेकत वाघवळला परत आला. त्या दिवशी वेशीत रसूल उभा होता, तोही म्हाताराच. बाळगोंडानं काठीनं हूल दिली. असं म्हणतात, की रसूल तेव्हाही फसला.

आता ढाल बंद झाली आणि माळावर घरं झाली. पण वाघवळचं कुणी बाहेर राहून परत आलं, की त्याच्या घरचं एक माणूस आजही वेशीत हात पसरून उभं राहतं. याला बाळगोंडाची जोड म्हणतात. फौजेतून आलेला शिपाई असो, दवाखान्यात नर्स झालेली पोर असो, की परजातीत लग्न करून दोन वर्षं तोंड न दाखवलेला मुलगा असो. का गेलास, कुणासाठी राबलास, असं त्याला वाघवळात कुणी विचारत नाही. समोरच्याला चुकवायचं आणि आत यायचं. परवा कांबळ्यांची सुवर्णा नर्स होऊन आली, तेव्हा तिचा आजा काठी टाकून उभा राहिला होता. तिनं त्याला चुकवलं, तो धुळीत बसला, मग मागं वळून तिनं त्याला हाताला धरून उठवलं, आणि दोघं मिळून घरी गेली.