खड्यांची बाटली

आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर आठवड्याभराच्या ऑपरेशनांच्या नोंदी शनिवारी एकदम लिहीत, सगळ्यांच्या सारख्याच. ताप आल्यामुळे माझं ऑपरेशन रद्द झालं होतं, तरी रविवारी डॉक्टर फाइल बघून म्हणाले, “आजी, पित्ताशयातले खडे काढलेत. आता घरी जा.”

मी म्हटलं, “प्रत्येकाला खडे बाटलीत घालून देता ना? माझी बाटली द्या, लगेच निघते.”

त्यांनी पोट पाहिलं, एक टाकाही नव्हता. तेव्हापासून ते ऑपरेशन संपताच लिहायला बसतात.

पण आदल्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या यमुनाबाईंच्या फाइलवर मी ‘रक्तस्राव नाही’ असं वाचलं होतं. त्यांची चादर तर लाल होत चालली होती. मी घरीच अक्षरं गिरवून शिकलेली. शिकलेल्या माणसाचं लिहिणं खरं मानून गप्प बसले. यमुनाबाई पहाटे गेल्या.