ओल्या मातीचा गोळा

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी, एक सायाळ राहत असे. अंगभर लांब काटे, पण स्वभाव मात्र अगदी भिडस्त. तिला दोन पिल्ले होती. ती इतकी लहान होती, की त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. सायाळ ओढ्याच्या पात्रात उकरून कंद काढी, पिल्लांना खाऊ घाली आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी राही.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. ओढा आटला, डोह आटला, डोहातल्या चिखलालाही भेगा पडल्या. तेव्हा जंगलाचा राजा वाघ याने वडाखाली सभा बोलावली. सभा तीन दिवस चालायची होती. तिसऱ्या दिवशी उन्हे कलली, की सगळ्यांनी जंगल सोडून दूरच्या नदीकडे निघायचे, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होते. नदी चार दिवसांच्या वाटेवर होती. मोठे प्राणी तिथवर पोचले असते. सायाळीची पिल्ले, हरणीचे आठ दिवसांचे पाडस आणि सशाची बाळे पोचली नसती. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हते.

सभेच्या आदल्या दिवशी सायाळीने जांभळीच्या वळणावर एक कंद उकरला, तो ओला निघाला. तिने आणखी खाली उकरले. माती ओली होती! पण तिचे पंजे ते केवढे. वरची वाळू पुन्हा पुन्हा खड्ड्यात ढासळू लागली. ती धावत रानडुकरांच्या नाईकाकडे गेली.

"दादा, तुमचे चार गडी द्या. ओढ्यात खाली पाणी आहे."

"असेल ताई," नाईक म्हणाला, "पण सभेत ठरल्याशिवाय आमच्यातलं कुणी मातीला नाक लावायचं नाही. तू सभेत बोल."

आता मुलांनो, या सभेची रीत ऐका. बोलणाऱ्याची वेळ कासवाच्या चालीवर मोजली जाई. वडाच्या एका पारंबीपासून कासव निघे आणि दुसऱ्या पारंबीला त्याचे नाक टेकले, की बोलणाऱ्याने खाली बसायचे. शिवाय बोलण्याआधी प्रत्येकाला मानाने नमस्कार करायचा. आधी वाघाला, मग बिबट्याला, अस्वलाला, गव्याला, असे करत थेट शेणकिड्यापर्यंत. शेणकिडा राहिला तर शेणकिडा रुसे. ही रीत कुणी घातली ते कुणालाच आठवत नव्हते, पण सभेचा चिटणीस कोल्हा ती डोळ्यांत तेल घालून सांभाळी. तुमच्या शाळेच्या संमेलनात पाहुणे भाषणाला उभे राहिले, की तुम्ही कितीदा घड्याळाकडे पाहता ते मला माहीत आहे. मीही पाहतो.

पहिल्या दिवशी सायाळ उभी राहिली. भीतीने तिचे काटे खुळखुळत होते.

"मी एक साधी सायाळ," ती म्हणाली. "मला बोलायची सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. खरं म्हणजे मी बोलणारच नव्हते, पण..."

जी स्वतःच बोलणार नव्हती, तिचे ऐकायचे कुणी? अस्वलाने तिथेच डोळे मिटले. मग नमस्कार सुरू झाले. चितळापर्यंत येता येता वाघाने दोन जांभया दिल्या, घोरपडीपर्यंत अस्वल घोरू लागले. शेणकिड्याला नमस्कार करून सायाळीने श्वास घेतला आणि म्हटले, "तर ओढ्याच्या पात्रात..."

कासवाचे नाक पारंबीला टेकले.

"वेळ संपली!" कोल्हा म्हणाला. "भाषण फार छान झालं."

बिचारी सायाळ खाली मान घालून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मोर उभा राहिला. त्याचेही म्हणणे शहाणपणाचे होते: नदीकडे जाताना भर दुपारी चालू नये, पहाटे आणि संध्याकाळी चालावे. पण सभा पेंगते हे त्याने आदल्या दिवशी पाहिले होते. म्हणून नमस्कार भराभर उरकून त्याने एकदम पिसारा फुलवला आणि गिरकी घेतली. सभा खडबडून जागी झाली! वानरांनी फांद्या हलवल्या, अस्वल टाळ्या पिटू लागले. "पुन्हा! पुन्हा!" मोर खूश झाला आणि पुन्हा नाचला. कासव पारंबीला पोचले, तेव्हा तो तिसऱ्यांदा गिरकी घेत होता. उन्हाचे सांगायचे राहूनच गेले.

सायाळ मागच्या रांगेत बसून हे पाहत होती. आपणही उद्या काटे खडखडवावेत, असे तिच्या मनात येत होते. पण तिने शेजारच्या सशाला विचारले, "मोराला काय सांगायचं होतं?"

"कुणास ठाऊक!" ससा म्हणाला. "नाचला मात्र झकास."

सायाळ विचारात पडली.

ती बिळाशी आली, तेव्हा धाकटे पिल्लू पाण्यासाठी रडत होते. ती त्याला समजावू लागली. "रडू नकोस रे राजा. उद्या मी सभेत बोलेन, मग मोठे प्राणी येतील, मग ते खणतील..." पिल्लू काही ऐकेना. ते भोकाड पसरून रडतच राहिले. शेवटी सायाळ उठली, जांभळीच्या वळणावर गेली आणि खड्ड्यातली मूठभर ओली माती घेऊन आली. काही न बोलता तिने ती पिल्लाच्या नाकाला लावली.

पिल्लू गप्प झाले. त्याने माती हुंगली, चाटली, आईकडे पाहिले आणि विचारले, "आई, हे कुठून आणलंस?"

सायाळ त्याच्याकडे बघतच राहिली. आत्तापर्यंत ती सांगत होती आणि पिल्लू ऐकत नव्हते. आता तिने अवाक्षर काढले नव्हते आणि पिल्लूच विचारत होते! तिला इतका आनंद झाला, की तिने पिल्लाला घट्ट जवळ घेतले. त्याचे काटे अजून मऊ होते म्हणून बरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायाळ सभेत आली, ती पळसाच्या पानात काहीतरी गुंडाळून. तिचे काटे आजही खुळखुळत होते. कासव पारंबीपासून निघाले. अस्वलाने सवयीने डोळे मिटले.

सायाळीने नमस्कार केला नाही की क्षमा मागितली नाही. ती सरळ चालत वाघापर्यंत गेली, तिने पान उलगडले आणि आतला मातीचा गोळा वाघाच्या नाकापुढे ठेवला.

"अहो, नमस्कार! आधी नमस्कार!" कोल्हा ओरडला. "सभेचा अपमान आहे हा!"

पण सायाळ जागची हलली नाही.

वाघाने गोळा हुंगला. त्याच्या मिशा ताठ झाल्या. त्याने एकदा चाटून पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "ओली आहे."

त्या शब्दासरशी सगळ्या सभेचे कान उभे राहिले. अस्वल जागे झाले. मागची वानरे सरसर पुढे आली. हरणीने पाडसाला पायाशी घेतले आणि मान उंच केली.

"कुठली माती ही?" वाघाने विचारले.

"महाराज, इथून शंभर पावलांवरची," सायाळ म्हणाली. "ओढ्याच्या पात्रात, जांभळीच्या वळणावर. हातभर खाली एवढी ओल आहे, म्हणजे त्याखाली पाणी असणार. माझे पंजे पुरत नाहीत. रानडुकरं आणि गवे मला अर्धा दिवस द्या. पाणी नाही लागलं, तर उन्हं कलताना निघायचंच आहे. लागलं, तर आमच्या पिल्लांना चार दिवस चालावं लागणार नाही."

एवढे बोलून ती बसली.

कासव जेमतेम चार पावले गेले होते. ते गोंधळून थांबले. "झालं?" त्याने विचारले.

"पण महाराज, नमस्कार राहिलेत," कोल्हा पुटपुटला. "ठराव लिहायचा कसा?"

"ठराव झाला!" वाघ गरजला आणि उठून ओढ्याकडे चालू लागला.

मग काय विचारता! वडाखालची सभा बघता बघता रिकामी झाली. रानडुकरांनी मुसंड्या मारून वाळू उपसली. गव्यांनी ती खुरांनी बाजूला लोटली. वानरे ओंजळीओंजळीने माती काढू लागली, मोराने पिसारा आवरून घेतला आणि तोही पायांनी उकरू लागला. आधी कोरडी वाळू लागली, मग ओली, मग काळी माती, आणि मग एक मोठा खडक आडवा आला. उन्हे कलायला लागली होती. सायाळीचा जीव वरखाली होत होता. सगळ्यांत दांडगा गवा खड्ड्यात उतरला, त्याने खडकाच्या कडेला शिंगे लावली आणि सगळा जोर काढून खडक उलथवला.

खालून पाणी आले! आधी बुडबुडे, मग गढूळ धार, आणि मग खड्डा भरेल एवढे पाणी. जंगलभर एकच जल्लोष झाला. जो तो पाण्याकडे धावला, पण वाघ काठावर आडवा उभा राहिला.

"आधी पिल्लं," तो म्हणाला.

हरणीचे पाडस प्यायले, सशाची बाळे प्यायली. सायाळीची दोन्ही पिल्ले नाक बुडवून इतका वेळ प्यायली, की सगळे हसू लागले. सायाळीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. रानडुकरांच्या नाईकाने तिला मान लववून नमस्कार केला. मग गव्याने केला, मग अस्वलाने, बिबट्याने, खुद्द वाघानेसुद्धा केला. शेणकिडा थोडा वेळ रुसून बसला होता. पण तोही दोन थेंब प्यायला आणि तिला नमस्कार करून गेला. त्या संध्याकाळी जंगल सोडून कुणीही गेले नाही.

तिकडे कासवाने आपले काम सोडले नव्हते. ते पारंबीपर्यंत गेले, नाक टेकवून मोठ्याने म्हणाले, "वेळ संपली!" आणि वळून पाहते, तर वडाखाली कुणीच नाही. मग तेही शंभर पावले चालत ओढ्याकडे निघाले. ते पोचेपर्यंत अंधारून आले होते. सायाळीने त्याच्यासाठी काठावरची जागा राखून ठेवली होती.

तात्पर्य : बोलायला उभे राहाल तेव्हा माफी, नमस्कार आणि नाच बाजूला ठेवा, ऐकणाऱ्याला ज्याची तहान आहे ते आधी त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे पुढचे तो आपणहून विचारील.