वाटीभर ताकाची कुस्ती

“...मग आता चमच्याकडनं हरायचं का मी, वस्ताद?”

केरबा वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून मातीतले खडे वेचत होते. एक खडा काढायचा, बोटांत फिरवून बघायचा, बाजूला टाकायचा.

सर्जेराव तालमीच्या भिंतीला टेकून उभा होता. अंगावरचा सदरा दोन माणसं मावतील एवढा, आणि चेहरा मात्र चिंचेसारखा वाळलेला.

“मैदानात सहजासहजी माझी पाठ लागली न्हाई. आन् आता घोटभर पेज पोटात गेली की लोळवते मला. तोंडाला पाणी सुटतं, कपाळाला घाम येतो, की गेलंच सगळं भाईर.”

“बस.”

“बसून काय हुणार?”

“उभं राहून काय झालं?”

सर्जा बसला. पोटावरचे टाके जपत, एक हात जमिनीला टेकत, म्हाताऱ्यासारखा बसला.

दारातून त्याचा तालमीतला जोडीदार इलाही हे बघत होता. त्यानं आणि सर्जानं एकाच वर्षी, एकाच दिवशी या मातीत लंगोट लावला होता. त्याला हसूही येत होतं आणि बघवतही नव्हतं.

वारणेकाठच्या त्या गावात हिंदुराव आणि सर्जेराव या दोन भावांच्या कुस्तीइतकंच त्यांच्या खाण्याचंही नाव होतं. जोडी बसली की परात एकच. पण कुस्ती सुटली आणि खुराक सुटला नाही. दूध तेच, तूप तेच, मटण तेच. जोर-बैठका तेवढ्या बंद. बघता बघता दोघांच्या अंगावर मांसाचे थर चढले. हिंदुरावला चार पायऱ्या चढवेनात. पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं, तारीखही मिळाली.

त्या तारखेच्या आधीच एका पहाटे हिंदुराव उठला नाही. झोपेतच श्वास थांबला.

मग आईनं धाकट्याचं मनगट धरलं आणि त्याच डॉक्टरपुढं नेऊन उभं केलं. “एक गेला. दुसरा मी जाऊ देणार न्हाई,” एवढंच बोलली.

ऑपरेशन चांगलं झालं. पोट कापून, शिवून केळ्याएवढं केलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं... सध्या फक्त पातळ. एक चमचा घ्यायचा, थांबायचं. तो खाली उतरला असं वाटलं की मगच दुसरा. घटाघटा प्यायचं नाही. मळमळ आली की हात आखडायचा.

सर्जा म्हणत होता, मी सगळं करतो. तरी त्याच्या पोटात काही टिकत नव्हतं. आज सकाळी डॉक्टरांचा निरोप आला, उद्यापर्यंत असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात. सलाईन आणि नाकातून नळी.

नळीचं नाव ऐकताच आईनं त्याला वस्तादांकडं आणलं होतं. आता ती तालमीबाहेर पायरीवर बसली होती. बायका तालमीत येत नसत. मांडीवर पातळ ताकाचा डबा धरून ती आतला आवाज ऐकत होती.

एक गोष्ट सर्जानं डॉक्टरांना सांगितली नव्हती. आईलाही नाही.

दादा गेल्यापासून तो एकटा जेवला नव्हता. एक घास स्वतःचा, एक दादाचा. चहा झाला तरी एक घोट आपला, एक दादाचा. दादाचा घास तोंडात घालताना तो ओठांतल्या ओठांत “घे दादा” म्हणायचा. आधीच्या पोटात दोघांचं मावत होतं, म्हणून तो आणखी फुगला. आता पोट केळ्याएवढं झालं होतं. जेवणारे मात्र अजून दोघंच होते.

“डॉक्टरनी सांगितलेलं सगळं करतोस?” वस्तादांनी विचारलं.

“सगळं. चमचा मोजून.”

“दाव.”

इलाहीनं बाहेरून डबा आणला, वाटीत ताक ओतलं, चमचा पुढं केला. त्याला राहवलं नाही.

“अरारा! घागर तोंडाला लावणारा गडी! आता काय, बाळाला गुटी पाजायची व्हय, पैलवान? अंगाई म्हणू का?”

“तुझ्या नरड्यात घालीन हा चमचा, इलाह्या.”

“घाल की. माझ्या पोटात राहतंय तरी.”

वस्तादांनी इलाहीकडं नुसतं बघितलं. तो दाराशी सरकला.

सर्जानं पहिला चमचा घेतला. ओठ हलले. लगेच दुसरा घेतला. मग थांबला. पुन्हा एक, पुन्हा ओठ हलले, पुन्हा एक. मान ताठ होती. कुणाला तरी दाखवून द्यायचं असल्यासारखा तो पीत होता.

थोड्याच वेळात कपाळावर घाम फुटला. तोंडाला पाणी सुटलं. सर्जा तोंड दाबून मागच्या मोरीकडं धावला.

मोरीतला आवाज पायरीपर्यंत गेला. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

सर्जा परत आला तेव्हा डोळे लाल होते. तो कुणाकडं बघत नव्हता.

“बघितलंसा? नळीच घालायची ना? घालू द्या. कटकट तरी मिटल.”

वस्ताद खडे वेचायचे थांबले.

“दुसऱ्या चमच्याच्या आधी कुणाला हाक मारलीस?”

सर्जानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

“सर्जा. कुणाला?”

“...दादाला.”

इलाहीनं खाली बघितलं.

“एका परातीत बसायचो, वस्ताद,” सर्जा बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. “पयला घास तो मला भरवायचा. मग सोता घ्यायचा. कुस्ती हरून आलो तरी, मार खाऊन आलो तरी, पयला घास मला. आता मी घेतो आन् त्याला देतो. न्हाई दिला तर कोण देणार त्याला? हितं कोण हाय त्याचं? तुमी देणार?”

“डॉक्टरला सांगितलंस?”

“काय सांगू? माझ्या पोटात दोघं जेवत्यात म्हणून?”

वस्तादांनी हातातला खडा बाजूला टाकला.

“तुमी दोघं जुळे काय रं?”

“न्हाई. दादा मोठा. तुमास्नी ठाव हाय की.”

“मग तुझ्या आईनंबी एका वेळी एकच पोटात वागवला.”

बाहेर पायरीवर आईनं मान वर केली. तिला आत्ता कळलं होतं पोराचं ताक कुठं जात होतं ते.

“चल,” वस्ताद उठले. “हौद्यात उतर.”

“वस्ताद, त्याचं टाकं...” इलाही पुढं झाला.

“कुस्ती धरायला न्हाई सांगत. बसायला सांगतोय.”

सर्जा लाल मातीत उतरला आणि मांडी घालून बसला. वस्तादही समोर येऊन बसले. वाटी मधे ठेवली.

“घे. तुझा.”

सर्जानं चमचा घेतला. गिळला.

“आता त्याचा.”

सर्जानं चमकून बघितलं. वस्ताद थट्टा करत नव्हते. त्यानं चमचा भरला, “घे दादा” म्हणाला आणि तोंडाकडं नेला...

हात तोंडापर्यंत पोचला नाही. वस्तादांनी मनगट धरलं होतं. म्हातारी बोटं, पण पकड तीच. सर्जानं जोर लावला, मनगट हललं नाही. हळूहळू त्यांनी ते मनगट वळवलं आणि चमचा मातीवर उपडा केला.

पांढरा थेंब लाल मातीत पडला, पसरला, दिसेनासा झाला.

“वस्ताद!” सर्जा ओरडला. “दादाचं सांडलंसा तुमी!”

“सांडलं?”

“सांडलंच की! सोडा हात! म्हातारं हाईसा म्हणून...”

“या मातीत ताक कुणी घातलं आजवर?”

सर्जानं मनगट ओढून बघितलं.

“बोल की. लिंबू कुणी पिळलं? हळद कुणी कालवली? तेलाचं डबं खांद्यावर घिऊन कोण यायचं?”

“...आमी. मी आन् दादा.”

“सांडायला आणत हुता व्हय?”

सर्जाचा हात सैल पडला.

त्यानं मातीकडं बघितलं. ताक पडलं तिथं नुसता ओला, काळसर ठिपका राहिला होता. दर हंगामाला ही माती उकरून, ती मऊ राहावी म्हणून, दोघं भाऊ तिला ताक पाजत. दादा घागर धरायचा, सर्जा पायानं कालवायचा. अंगाला लागलेली माती आई कढत पाण्यानं धुवायची आणि दोघांना एकदमच शिव्या द्यायची.

“तो ठिपका जिरू दे,” वस्ताद म्हणाले. “जिरंपर्यंत तुझा चमचा उचलायचा न्हाई.”

तिघंही ठिपक्याकडं बघत बसले. माती घाईत नव्हती. कडेनं थोडं जिरलं, मग मधलं. मग रंग पुन्हा होता तसा झाला.

“आता तुझा.”

सर्जानं घेतला.

“आता त्याचा.”

या वेळी सर्जानं आपल्या हातानं चमचा मातीवर धरला. धरून थोडा थांबला. “घे दादा,” तो मोठ्यानं म्हणाला, आणि हात तिरका केला.

पुन्हा वाट बघणं. पुन्हा घोट.

वाटी अर्धी झाली आणि मळमळ आली. सर्जाला ती येताना कळली, जबड्याखालून, गालांतून. त्यानं हौद्याचा काठ पकडला.

“आली, वस्ताद...”

“येऊ दे. अंगावर येणाऱ्याशी लगेच झोंबतोस, तिथंच मार खातोस तू. पयल्यापासनं. खाली बस. अंग सोड. श्वास नाकानं.”

“हुणार न्हाई...”

“तिला करू दे काय करायचं ते. तू जागा सोडू नगं.”

सर्जानं डोळे मिटले. घाम नाकाच्या शेंड्यावरून मातीत पडत होता. खांदे वर आले, इलाही बादली आणायला वळलासुद्धा... आणि मग खांदे हळूहळू खाली आले. सर्जानं लांब श्वास सोडला.

“...गेली.”

“कुठं?”

“वरनंच गेली, वस्ताद. मला न्हाई घिऊन गेली!”

इलाहीनं बादली खाली आपटली. “वा रं माझ्या वाघा!”

“गप,” वस्ताद म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलल्या. “कुस्ती संपली न्हाई अजून.”

उन्हाची तिरीप हौद्यातून सरकून भिंतीवर गेली तेव्हा वाटी रिकामी झाली. अर्धी सर्जाच्या पोटात, अर्धी मातीत. पण वाटी रिकामी होण्यात काय मोठं? आजवर रोज तेवढं गेलं होतं आणि रोज परत आलं होतं. म्हणून कुणी हललं नाही. इलाही दाराला चिकटून होता. बाहेर आई श्वास धरून बसली होती. सर्जा आपल्या पोटावर हात ठेवून, अनोळखी पोर मांडीवर घेतल्यासारखा, अवघडून बसला होता.

काही झालं नाही.

मग बारीकशी ढेकर आली. उचकीएवढी. सर्जा दचकला. त्यानं वस्तादांकडं बघितलं, इलाहीकडं बघितलं.

“राहिलं,” तो पुटपुटला. “राहिलं की रं...”

“मावशी!” इलाहीनं बाहेर तोंड काढून अशी आरोळी ठोकली की पारावरची माणसं उठून उभी राहिली. “मावशी, राहिलं! पोटात राहिलं!”

आई पायरीवरून उठली. आत येता येत नव्हतं, म्हणून तिथूनच, गावच्या मैदानात पहिला नंबर आल्यावर ओरडावं तशी ओरडली, “माझा वाघ गं!” आणि मग तिला रडता येईना की हसता येईना. तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि नुसतं “राहिलं, राहिलं” म्हणत बसली. पलीकडून डॉक्टर म्हणाले, फार छान, आता तेवढंच, घाई नको, संध्याकाळी पुन्हा असंच हळूहळू द्या. ते सगळं तिनं मान हलवून ऐकलं, जणू त्यांना दिसत होतं.

इलाहीनं मांडीवर शड्डू ठोकला. तालीम घुमली.

सर्जालाही राहवलं नाही. त्यानं हात उचलला आणि दणकन मांडीवर मारला. हिसका टाक्यांपर्यंत गेला.

“आई गं!”

“मर!” इलाही हसत सुटला. “वाटीभर ताक जिंकलं तर एवढा माज! लोटा जिंकलास तर गावात राहू देशील न्हवं आमास्नी?”

“तू थांब. सा म्हैने थांब फकस्त. ह्याच मातीत घालतो तुला!”

“ये की! पळवून दमवीन!”

सर्जा हसला. बऱ्याच दिवसांनी तो आवाज त्या तालमीत आला. वस्ताद वाकून हौद्यातली माती हातानं सारखी करत होते. ठिपके पडले होते तिथंही आता कोरडी माती होती. कुठं काय पडलं होतं, सांगता आलं नसतं.

ते बघून सर्जाचं हसू ओसरलं.

“वस्ताद.”

“हं.”

“आज हितं झालं. पण रातच्याला घरी... मी चमचा भरीन, तवा दादाचं काय करू? त्याला कुठं देऊ?”

वस्तादांनी माती सारखी केली. हात झटकले. मग सर्जाच्या खांद्यावर भार टाकून उठले. तो भार आपण पेलला, हे सर्जाला ते उठून उभे राहिल्यावरच कळलं.

“हिंदुराव जेवून, हात धुऊन उठला, सर्जा...” ते म्हणाले. “तुझं जेवण व्हायचंय अजून.”