रेघ सोडणारा घोडा

“परीक्षेपर्यंत तिष्याला घोड्याजवळ फिरकू देऊ नका. आणि नव्या सुनेला काही सांगायला नको. ती बोलते कुठे? घरात आहे की नाही, तेही कळत नाही.”

चाऱ्याच्या कोठीआडून क्षेमेने हे ऐकले. बोलणारे तिचे सासरे पिंगल होते. आपण घरात आहोत, एवढे तिला तरी ठाऊक होते.

पूर्वी मेघावती नगरीत जयसेन राजाचे राज्य असतानाची ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा राजाच्या पागेत पांढरा घोडा होऊन जन्मले होते. पागेचे प्रमुख पिंगल. त्यांचा धाकटा मुलगा तिष्य झाडावरून पडल्यापासून कमरेखाली लुळा झाला होता. बसायलाही त्याला भिंत लागे. एकदा थोरल्या भावाने त्याला गंमत म्हणून या घोड्यावर बसवले, पागेतल्या दोघांनी दोन बाजूंनी धरले, आणि मग ते रोजचेच झाले. वर्षभरात तिष्याची पाठ सावरली. पाय तसेच राहिले. पण तो टेकू न घेता जेवू लागला, वहिनीच्या पानातला लाडूही पळवू लागला.

तिष्य बसू लागल्यापासून घोड्याला मात्र खोड लागली, असे पागेत सगळे म्हणत. चालता चालता तो बाजूला सरे. मिरवणुकीचा घोडा निवडताना त्याला चुन्याच्या रेघेवरून चालवीत, आणि रेघ सोडणारा घोडा बाद होई.

परीक्षेच्या दिवशी राजाचा स्वार ताठ बसला. बोधिसत्त्वांना रेघ सोपी होती. पण त्यांच्या मनात आले, ‘मी निवडला गेलो, तर राजवाड्यात तुपातले जव खाईन आणि इथे हे मूल पुन्हा भिंतीला टेकेल.’ ते शांतपणे डावीकडे सरले, मग उजवीकडे. लोक हसले.

“विकून टाका याला,” राजा म्हणाला.

“खोडीचा मेला!” पिंगलांनी चाबूक उगारला. घोडा जागचा हलला नाही.

क्षेमा पुढे झाली.

“मामंजी, चाबूक खाली घ्या. महाराज, ही खोड नाही. आमचा तिष्य ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला सरून हा त्याला खालून सावरतो. मी रोज खिडकीतून बघते. आज तर पाठीवरचा स्वार कललाही नाही, तरी हा सरला. याला तुमच्याकडे यायचंच नाही. सरळ चालणारे घोडे तुम्हाला पुष्कळ मिळतील. हा तिष्याजवळ राहू द्या.”

राजाने तिष्याला आणवून घोड्यावर बसवले, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि घोडा त्यालाच देऊन टाकला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्यांना दोन्ही जन्मांची ओळख पटवली, “तेव्हाचा तिष्य म्हणजे डोलीतून धर्म ऐकायला येणारा हा तरुण भिक्षू. पिंगल म्हणजे आज त्याची डोली उचलणारा उपासक. घोडा मीच होतो. करुणा माझ्याकडून घडली. पण ती ओळखून चारचौघांत बोलण्याचे धैर्य क्षेमेचे. ती पाहा, या जन्मीही मागे गप्प बसली आहे.”