एका दिवसापुरता गिलावा

"एवढाच?"

भिंतीवरच्या ओल्या गिलाव्याकडे बघत धनश्रीने विचारलं. दोन तळहात शेजारी शेजारी ठेवले तर झाकून जाईल, इतकाच तुकडा होता.

माएस्त्रो एत्तोरे थापी पुसत होते. त्यांनी मान हलवली.

"एवढ्यात काय काढायचं? एक कान?"

मी हे त्यांना इटालियनमध्ये सांगितलं.

"कान नीट जमला तर दिवस चांगला गेला म्हणायचं," ते म्हणाले.

तिला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

कोण कुठली ते आधी सांगते. इटलीच्या उंब्रिया भागातल्या एका डोंगरावरच्या गावात जुना मठ आहे. साधू केव्हाच गेले. आता उन्हाळ्यात सहा आठवडे तिथे शाळा भरते. सकाळी भाषा, दुपारी कला. कुणी मातीची भांडी करतं, कुणी कविता लिहितं, कुणी माएस्त्रोंच्या, म्हणजे गुरुजींच्या, हाताखाली ओल्या गिलाव्यावर चित्र काढायला शिकतं. सकाळची भाषा मी शिकवते. मूळची मी मिरजेची, लग्न करून इथे आले त्याला एकतीस वर्षं झाली. ज्यांचं इटालियन अगदीच कच्चं, त्यांच्यासाठी दुपारी माएस्त्रोंचं बोलणं इकडून तिकडे पोचवते.

त्या वर्षी धनश्री आंबवडे आली. तासगावची. वय बावीस.

माएस्त्रोंची पद्धत जुनी आणि साधी. भिंतीला चुन्याचा गिलावा लावायचा आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर द्यायचा. सुकता सुकता भिंत रंग पिऊन घेते. एकदा सुकली की मग काही घेत नाही. म्हणून संध्याकाळपर्यंत रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. रंगवायचा राहिला तर तो भाग सुरीने कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जायचं.

आणि पोरीला घाई होती.

माएस्त्रो दर वर्षी एकाच विद्यार्थ्याला हिवाळाभर ठेवून घेत. शेवटच्या शनिवारी मठाच्या ओवरीतल्या भिंतींवरची सगळी चित्रं बघून ते नाव सांगत. नाव आलं नाही तर तिने सांगलीला परत जायचं होतं. तिथल्या एका ऑफिसात ती लोकांच्या बाथरूमच्या टाइल्सना कॉम्प्युटरवर रंग द्यायची. दोन महिन्यांची रजा काढून आली होती.

"ताई, मी तिथे परत गेले ना, तर संपले," असं तिने मला पहिल्याच आठवड्यात चार वेळा सांगितलं. दर वेळी पहिल्यांदाच सांगतेय असं.

वर्गात बसली की तिचा पाय बाकाखाली हलत राही. तिच्याकडे एक वही होती, त्यात तयार वाक्यं लिहिलेली. कुणी काही विचारलं की ही पानं उलटायची. वाक्य सापडेपर्यंत बोलणं तिसऱ्याच विषयावर गेलेलं असे. मग वही मिटायची आणि पाय पुन्हा सुरू.

"चुकलं तर चुकलं. बोल की," मी म्हणायचे.

"चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं, ताई."

तिसऱ्या दिवशी माएस्त्रोंनी सगळ्यांना आपापला गिलावा आपणच लावायला सांगितला.

बाकीच्यांनी चुना अंगावर घेतला, केसांत घेतला, जमिनीवर सांडला. धनश्रीने आधी कुंच्याने भिंत भिजवली. घमेल्यातला चुना थापीवर घेतला, थापी काठावर दोनदा ठोकली आणि मनगट फिरवून असा लावला की एक थेंब खाली पडला नाही. मग हाताची मागची बाजू गिलाव्याला लावून ओल बघितली.

माएस्त्रो आपलं काम सोडून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"हे कुणी शिकवलं?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. तिने मान वर केली नाही.

"कुणी नाही. व्हिडिओ बघून."

मी ते सांगितलं.

"फार चांगला व्हिडिओ असला पाहिजे," माएस्त्रो म्हणाले आणि निघून गेले.

मला मात्र कळायचं ते कळलं. मिरजेत आमच्या गल्लीतल्या देवळाची डागडुजी चालायची, तेव्हा गवंडी अशीच थापी ठोकायचे. दोनदाच ठोकायचे. पण ज्याचं त्याने सांगावं.

पुढच्या आठवड्यात माएस्त्रोंनी पुन्हा तेच विचारलं. "हे कुणी शिकवलं?"

"कॉलेजात."

आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी तिने वही उघडली. शोधून, बोट ठेवून, न अडखळता तिने इटालियनमध्ये वाचून दाखवलं, "मी स्वतःच शिकले, माएस्त्रो."

त्यांनी ऐकून घेतलं...

"वाक्य छान आहे," ते म्हणाले.

तिला वाटलं, कौतुक झालं. दिवसभर खुशीत होती. मला तिचा राग आला आणि तेवढीच दयाही आली.

तिने मोठं चित्र योजलं होतं. कृष्णेचा घाट, पायऱ्या, पाण्यात एक होडी आणि धुणं घेऊन वर येणारी बाई. रोज दोन तळहातांच्या हिशेबाने ते जाणार कसं? त्यात केलेलं तिला पटत नसे. दोन वेळा तर तिने आपणच सगळं खरवडून भिंत उघडी केली. शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा इतरांची चित्रं पुरी होत आली होती आणि हिच्या भिंतीवर एक कान, एक खांदा आणि घाटाच्या दोन पायऱ्या होत्या.

गुरुवारी सकाळी ती माएस्त्रोंच्या वाटेत उभी राहिली.

"आज मला सगळ्या भिंतीला गिलावा लावू द्या."

मी सांगितलं.

माएस्त्रोंनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"तुझी भिंत आहे," ते म्हणाले.

होतं तेही तिने खरवडून काढलं आणि दहाच्या आत एकटीने सगळी भिंत लावली. अशी सफाई की मातीकामाच्या वर्गातली माणसंसुद्धा बघायला आली. मग ती रंगवायला बसली. वरून सुरुवात केली. आकाश, बाईचं डोकं, खांदे. हात भराभर चालत होता. पाणी प्यायला उठली नाही, जेवायला आली नाही. जुलैचं ऊन ओवरीच्या दगडांतून वर येत होतं.

चारच्या सुमाराला भिंतीचा खालचा भाग सुकून पांढरट दिसायला लागला.

तिने ते बघितलं. मी बाजूला बसले होते, मलाही दिसलं. तिने हाताची मागची बाजू गिलाव्याला लावली... मग हात काढून घेतला आणि कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं.

ऊन डोंगरामागे जायच्या वेळेला चित्र पुरं झालं. नदी, होडी, पायऱ्या, बाईची पावलं. सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटो काढले.

"झालं ना, ताई?" तिने मला विचारलं. तिचा पाय हलतच होता.

माएस्त्रो अंगणातल्या नळावर कुंचले धूत होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते एक बादली आणि जुनं फडकं घेऊन आले. फडकं भिजवलं, पिळलं आणि धनश्रीच्या भिंतीसमोर उभे राहिले.

आधी वर पुसलं. आकाश जागच्या जागी राहिलं. बाईचं डोकं राहिलं, खांदे राहिले.

मग खाली पुसलं.

नदी फडक्यात आली. होडी आली. पायऱ्या, पावलं, सगळं ओघळून खाली आलं आणि भिंत पांढरी झाली. माएस्त्रोंनी फडकं बादलीत पिळलं. पाणी निळं झालं.



"तुम्हाला ठाऊक होतं," धनश्री म्हणाली. मराठीतच म्हणाली. "काल सकाळीच ठाऊक होतं. मग अडवलं का नाही?"

मी सांगण्यासाठी तोंड उघडलं. माएस्त्रोंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मी थांबले.

त्यांनी जमिनीवरची थापी उचलली, तिच्यासमोर धरली आणि चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला. इतक्या वेळा विचारला होता की आता तिला माझी गरज नव्हती.

ती थापीकडे बघत राहिली...

"आप्पानं," ती म्हणाली. "माझ्या बापानं शिकवलं. गवंडी हाय त्यो. जुन्या देवळांचं चुन्याचं काम करतोय. सुट्टीत मी घमेली उचलायची त्याच्या हाताखाली. धा वर्साची होते तवापास्नं."

आता ती थांबेना.

"कॉलेजात पोरी म्हणायच्या, गवंड्याची पोरगी आली, भिंती रंगवायला आली. म्हणून सांगायचंच सोडलं मी. आप्पा कॉलेजात डबा घेऊन आला, तर म्हनलं, शेजारचे काका हायेत... त्यानं ऐकलं ते. डबा दिला आन् गेला."

तिने नाक पुसलं. हाताला चुना होता, तो गालाला लागला.

"रोज सांगायचा. जेवढं आवरंल तेवढंच लाव, बाय. भिंत आपल्यासाठी थांबत नाही. मला ठावं होतं ओ. काल हात लावला तवाच कळलं होतं. मला चांगलं ठावं होतं."

यातला एक शब्दही मी माएस्त्रोंना सांगितला नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी थापी तिच्या हातात दिली आणि बादलीतलं निळं पाणी अंगणात ओतायला गेले.

धनश्रीने थापी बाजूला ठेवली. मग तिने छिन्नी घेतली आणि सगळी भिंत खरवडली. टिकलेलं आकाशही काढलं, बाईचं डोकंही काढलं. मला हळहळ वाटली, पण ती थांबली नाही.

दुपारी जेवून आली. पोटभर जेवली. मग भिंत भिजवली, चुना घेतला, थापी दोनदा ठोकली आणि भिंतीच्या मधोमध गिलावा लावला.

एका तळहाताएवढा.

त्यावर तिने एक हात काढला. पुरुषाचा, थापी धरलेला. नखांत चुना, अंगठ्यावर जुना व्रण. पाचच्या आत झालं. कुंचला धुतला आणि भिंतीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. पाय हलत नव्हता. त्या सहा आठवड्यांत मी हे पहिल्यांदाच बघत होते.

शनिवारी माएस्त्रो ओवरीत आले. डेन्मार्कच्या मुलाने पुरी बाग काढली होती, पक्ष्यांसकट. जपानच्या बाईंनी तीन देवदूत काढले होते. माएस्त्रोंनी सगळं नीट बघितलं, दोन शब्द बोलले आणि पुढे सरकले.

धनश्रीच्या भिंतीसमोर थांबले. एवढी मोठी भिंत आणि मधे तेवढासा हात.

त्यांनी फडकं भिजवलं, पिळलं आणि हातावरून अलगद फिरवलं.

मग फडकं उलटून बघितलं. पांढरंच होतं.

ते फडक्याची घडी करायला लागले. कुणाचंही नाव घेईनात.

धनश्रीची वही माझ्या शेजारी बाकावर पडली होती. तिने तिकडे बघितलंही नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. इटालियनमध्ये, अडखळत, चुकत, तिने विचारलं,

"माएस्त्रो... हिवाळ्यात मी इथे?"

घडी झाली. माएस्त्रोंनी ती खांद्यावर टाकली.

"हिवाळ्याचा चुना आत्तापासून भिजत घालायला लागेल," भिंतीवरच्या हाताकडे बघत ते म्हणाले. "किती दिवस, ते तुझ्या वडिलांना विचार आणि मला सांग."